आंब्याच्या ढोलीतली चार पिल्लं

"पाखराची गोष्ट कोनी अशी सांगते काय वं?"

"पाखराचीच होती, आत्याबाई."

"मंग पाखराचीच होती तं गावाच्या तोंडात तुयं नाव काहून?"

"मी का गावाले सांगाले गेल्ती? निंदनात बायांनी ईचारलं, मी सांगतलं."

"सांगतलं. मान वाकडी करू करू सांगतलं. सारी पात हसून खाली बसली म्हने. हसाले तुले लाज नाई वाटली, अन् आता माया पोराले तोंड दाखवाले जागा नाई."

"मले का मालूम होतं, माया पोटात..."

"पोटाचं नाव घेऊ नोको. पोटाचंच तं भांडन हाये."

सासू, प्रयागबाई, चुलीपुढून उठली नव्हती. कालच्या पुरणाचं पातेलं तिनं मांडीजवळ ओढलं होतं आणि ते घासायचं सोडून ती नुसतीच त्यात राख फिरवत होती. काल पोळा झाला. आज सकाळी रिठद गावात घरोघरी बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता आणि घरोघरी एकच विषय होता. तो विषय या दोघींच्या घरात आता बसला होता, चुलीच्या आणि दाराच्या मध्ये. पंचफुला दाराशी उभी होती, पाठ भिंतीला लावून.

तिला चौथा महिना होता.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत एकदाही तिची पाळी चुकली नव्हती. एकोणीसशे पस्तीसच्या येत्या दिवाळीनंतर दुसरी सून आणायचं प्रयागबाईनं पक्कं केलं होतं. वाशीमकडची पोरगी पाहूनही झाली होती. आषाढात पंचफुलाला मळमळायला लागलं, तेव्हा प्रयागबाईनं त्या लोकांना निरोप धाडला की थांबा. आठ दिवस तिनं सुनेला पाण्याची घागर उचलू दिली नाही. आठ दिवस ती शेजारणींना बोलावून बोलावून सांगत होती. नवव्या दिवशी एका शेजारणीनं तिलाच काहीतरी सांगितलं. त्या संध्याकाळी पंचफुलानं घागर उचलली, तेव्हा प्रयागबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता सगळं एका गोष्टीवर आलं होतं. जगदेव, तिचा नवरा, हे लेकरू माझं म्हणणार की नाही. नाही म्हणाला, तर ती चार महिन्यांचं पोट घेऊन कुठं जाणार? बाप मेलेला. आई, रंगूबाई, भावजयीच्या हाताखाली. अशा बाईला माहेर किती दिवस ठेवून घेतं, ते पंचफुलानं दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं.

पंचफुला राखणदाराची लेक. बाप लोकांच्या ज्वारीची राखण करायचा. चार खांबांवरच्या माळ्यावर ती रांगायला शिकली, असं आई म्हणायची. पाचव्या वर्षी तिच्या हातात गोफण आली. पण बापापेक्षा तिला एक गोष्ट जास्त यायची. डोळे मिटून सांगायची, बांधावर कोणतं पाखरू बोललं, ते भुकेनं बोललं की भीतीनं, नर की मादी. बाप म्हणायचा, "या पोट्टीचे कान देवानं पाखराले द्याचे ते हिले देल्ले." तेव्हा ते कौतुक होतं.

रिठदला आली तेव्हा सासरच्यांची नाल्याच्या काठी अकरा झाडांची आमराई होती. चैत्रापासून आंबे उतरेपर्यंत दिवसाची राखण पंचफुलाकडे आली आणि रात्रीची जगदेवकडे. दिवस बुडायच्या आधी तो भाकर घेऊन यायचा, दोघं आंब्याखाली जेवायची, मग ती घरी जायची. कधी जायची नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. राखणीत नवल काय?

आमराईच्या बांधापलीकडे इंद्रभानचं शेत, आणि बांधाला लागूनच त्याची विहीर. उन्हाळाभर त्याची मोट चालायची, आणि मोट चालली की इंद्रभान गायचा. पाच लेकरांचा बाप, अंगानं काटकुळा, पण गळा असा की बैल त्याच्या सुरावर मागे सरायचे आणि सुरावर उतरायचे. जगदेव गात नसे. भजनात बसला तरी टाळ धरून बसायचा. तो बोलायचासुद्धा मोजकं, आणि रागावला की शब्द अडायचा.

त्या चैत्रात पंचफुलाला दोन दयाळ पक्षी दिसले. काळेपांढरे, शेपटी उभी करून बसणारे. एक आमराईतला. त्याला ती मनात घरचा म्हणायची. त्याच्या वाट्याच्या तिसऱ्या आंब्याला एक ढोली होती, खोल, तोंड लहान, पावसाचं पाणी न जाणारी. दुसरा विहिरीवरच्या उंबराचा. पहाटे दोघेही शेंड्यावर बसायचे आणि एकमेकांना ऐकवून गायचे. घरच्याला चार ताना यायच्या. पाचवी येईल असं वाटायचं आणि तो पहिलीवर परत. विहिरीवरचा मात्र रोज काहीतरी नवं आणायचा. खारीचं चिडणं त्यानं घेतलं, कोतवाल पाखराची शिट्टी घेतली. एके दिवशी मोटेच्या चाकाची करकर त्यानं अशी घेतली की मोट उभी असताना चाक कसं वाजलं म्हणून पंचफुलानं मान वळवून पाहिलं.

मादी धुरकट रंगाची. ती दहा-बारा दिवस नुसती ऐकत फिरली. या झाडाखाली बसायची, मान तिरपी करायची, उडून त्या झाडाखाली जायची. ती आली की दोघं जास्त गायचे, गळा फुगवून, अंग डोलवून. ती गेली की थोडं दम खायचे. शेवटी ती घरच्याकडे आली, कारण ढोली त्याच्याकडे होती. काड्या तिनं नेल्या, गवत तिनं नेलं. आणि जोडी जमली तसा घरचा कमी बोलायला लागला. चारच्या दोन ताना झाल्या त्याच्या. पंचफुलाला ते पटलं. घर भरलं की माणूस ओरडेल कशाला?

पण अंडी घालायच्या दिवसांत एका पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, मादी ढोलीतून निघाली आणि सरळ विहिरीवरच्या उंबरात गेली. उंबरात पानं हलली. घडीभरानं ती परत आली, पंख साफ केले, ढोलीत गेली. दुसऱ्या पहाटे पुन्हा. पंचफुलानं तीन पहाटा पाहिलं. मग चार पिल्लं झाली. घरच्यानं त्या चारींना वीस-एक दिवस चारलं. दिवसभर चोचीत अळी, नाकतोडा, गोम, काय मिळेल ते. तो इतका वाळला की शेपटीच मोठी दिसायला लागली.

हे पंचफुलानं पाहिलं आणि पोटात ठेवलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

आषाढात ज्वारीचं निंदण चाललं होतं. दहा-बारा बाया एका पातीत, ओळीनं, पाठीवर घोंगड्या, हातात विळे. निंदणात कोणीतरी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, म्हणजे पात सरते, हीच रीत. त्या दिवशी तांड्यावरची रुपाबाई म्हणाली, "पंचफुला, तू सांग. तू दिवसभर झाडाखाली बसते, तुले काय काय दिसत असन."

पंचफुलानं दयाळाची गोष्ट सांगितली. तिला सांगायला यायचं. घरच्याच्या चार ताना तिनं शिट्टीनं वाजवून दाखवल्या, मादीची मान तिरपी करून दाखवली. बायांचे विळे थांबले.

"मंग ढोली ह्याची अन् पहाट त्याची?" रुपाबाई म्हणाली.

"ढोलीबिगर लेकरू जगत नाई, बाई. अन् गयाबिगर..." पंचफुलानं गळ्याला बोट लावलं. तिनं हे आधी कधी शब्दांत धरलं नव्हतं. "ज्याचा गया, त्याच्या पोराले गया येते. उद्या त्या पोराले बी बायको भेटाले पाह्यजे ना? तिले तेवढंच दिसत असन. लेकरू जगावं, अन् लेकराचं बी घर व्हावं."

"अन् घरच्याले कळलं नाई?"

"कळलं बी असन. पन तो चारा घेऊन ढोलीशी येच. ढोलीतून चार तोंडं उघडे राहेत. त्यातलं कोनतं कोनाचं, हे त्यानं कवा ईचारलं नाई."

"असे मानसं भेटाले पाह्यजे, माय," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळी पात हसून चिखलात बसली. पंचफुलाही हसली. पोटाशी हात धरून हसली. त्या वेळी तिला जेमतेम महिना होता, आणि अजून कोणालाच माहीत नव्हतं. तिला स्वतःलासुद्धा नाही.

श्रावणात पोटाची बातमी गावात फिरली. बायकांनी बोटं मोजली. वैशाख सरता सरता, म्हणजे आमराईतलं. आमराईच्या बांधापलीकडे कोण? इंद्रभान. कोणाचा गळा चांगला? इंद्रभानचा. ढोली कोणाची? कोणी खोटं काही जोडलंच नाही. सगळं पंचफुलानंच सांगून ठेवलं होतं, क्रमानं, शिट्टीसकट.

आधी तिला कळलं नाही. गावच्या विहिरीवर गेली की बायकांचं बोलणं तुटायचं. दोर ओढताना पाठीवर नजरा लागायच्या. एका बाईनं तिला विचारलं, "पोट्टं गाईन काय वं तुयं?" आणि बाकीच्यांनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी तिच्या हातातून घागर सुटली. पाणी पायांवरून वाहून गेलं आणि ती तिथंच उभी राहिली, कारण तेव्हा तिला एकदम सगळं दिसलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तेव्हापासून तिला भीतीनं धरलं. जगदेव उशिरा आला की वाटायचं, त्याला कोणी गाठलं. लवकर आला की वाटायचं, कोणी सांगून पाठवलं. तो काही विचारायचा नाही. तो जेवायचा, हात धुवायचा, बैलांकडे जायचा. पूर्वीही तो असाच होता. पण आता ती त्याच्या घासाघासाकडे पाहायची, की थांबतो का, थुंकतो का. इंद्रभान रस्त्यात दिसला तर ती गल्ली बदलायची, आणि मग वाटायचं, गल्ली बदलताना कोणी पाहिलं तर?

एवढं करूनही पोळा आला.

संध्याकाळी सगळ्या गावाचे बैल तोरणाखाली उभे. जगदेवची जोडी तिसरी होती. झडत्या सुरू झाल्या, पोळ्यात उंच आवाजात म्हणायची कवनं. पोळ्याच्या झडतीत कोणाचीही टर उडवायची मुभा असते. पाटलाची उडवतात, सावकाराची उडवतात, आणि ज्याची उडवली त्यानं हसायचं असतं, रागावला तो हरला. इंद्रभाननं नेहमीप्रमाणे पहिली झडती उंच आवाजात म्हटली, पावसापाण्याची. बायका ओट्यांवर उभ्या होत्या. त्याचा आवाज चढला तशा चार-दोन माना पंचफुलाकडे वळल्या. तिनं पदर पोटावरून ओढून घेतला, आणि ओढताच कळलं की तेही चुकलं.

मग मागच्या गर्दीतून एक तरणा आवाज आला. तोंड दिसलं नाही.

"आंब्याच्या ढोलीत पिल्लं चार,
घरचा दयाळ चारून बेजार,
विहिरीवरचा मारते तान,
पिल्लं कोनाचे, तूच जान..."

शेवटी सगळ्यांनी महादेवाचं नाव घेतलं, आणि त्या गजरातच हसू फुटलं. इंद्रभान खाली मान घालून आपल्या बैलाचा कासरा सोडवायला लागला, नव्हता अडकला तरी. जगदेव हसला नाही. त्यानं हसायला हवं होतं. पंचफुला ओट्यावरून पाहत होती. त्याचे ओठ हलले, काहीतरी म्हणायला गेला, शब्द अडला. तोरण तुटून पोळा सुटायच्या आधीच त्यानं बैल वळवले. पोळ्यात कोणी आधी बैल वळवत नाही.

ती रात्र त्यानं गोठ्यात काढली. आणि आता सकाळी, प्रयागबाई पातेल्यात राख फिरवत होती.

"येऊ दे त्याले," ती म्हणाली. "आज निवाडा होऊ दे."

जगदेव नाल्यावरून आला. बैल बांधले, पाय धुतले, आत येऊन खांबाशी बसला. बायकोकडे पाहिलं नाही. प्रयागबाई उठली. देवळीतून पितळेचं ताट घेऊन आली. त्यात बेलाची पानं होती आणि भंडारा होता. म्हणजे शपथेचं मायलेकांचं आधीच ठरलं होतं.

"आन घे," जगदेव म्हणाला. "मंग मी पाटलाच्या ओट्यावर जाऊन सांगतो. गोष्ट सरली."

"घेते. महादेवाची घेते. माया डोयाची घेते."

"तशी नाई," प्रयागबाई म्हणाली. "पोटावर हात ठेव. ह्या पोटाची आन, हे जगदेवचं हाये, अशी घे. गाव तेवढीच मानन."

पंचफुलाचा हात पोटाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"पोटाची नोको, आत्याबाई."

"काहून?"

"मायी माय..." ती जगदेवकडे वळली. "तुमाले सांगतलं होतं मी. मायवर चांदीचे तोडे चोरल्याचा आळ घेतला होता. सातवा महिना होता तिले. तिनं पोटावर हात ठेवून आन घेतली. तोडे मंग कोठीतच सापडले, जवारीत. माय खरी होती. पन नवव्या महिन्यात पोरगं मेलेलं आलं. माया हातानं त्याले टोपडं घातलं मी, सहा वर्साची होती. माय म्हने, खरी बोलली तरी आन पोटात उतरली. म्हनून म्हनते. माया जिवाची घेते, पोटाची नोको."

"खरी असन तं भीती कायची?"

"खरी हाये म्हनूनच भेव लागते. खोटं असतं तं लेकराची फिकीर कोनाले होती?"

प्रयागबाईची नजर सुनेच्या पोटाकडे गेली. घडीभर वाटलं, तिला पोचलं. तिनं स्वतः दोन लेकरं घालवली होती. पण तिनं ताट खाली ठेवलं नाही.

"तुमी सांगा," पंचफुला नवऱ्याला म्हणाली. "रातची राखन कोनाची होती?"

"मायी."

"दिवस बुडाच्या आंधी भाकर घेऊन कोन ये?"

"मीच."

"मी घरी नाई गेली, त्या राती कोनापाशी होती?"

जगदेव जमिनीकडे पाहत राहिला. "मायापाशी."

"मंग?"

"मले मालूम हाये. गावाले मालूम नाई."

"तुमाले मालूम हाये तं तुमी घ्या आन. बेल तुमी उचला. माया नवऱ्यानं उचलला तं कोन बोलन?"

जगदेवनं वर पाहिलं. त्याचा हात मांडीवरून उचलला गेला, ताटाच्या दिशेनं थोडा सरकला. बाहेर एक बैल फुरफुरला. मग हात परत मांडीवर आला.

"तू त्याचं गानं आयकत होती," तो म्हणाला. शब्द अडत अडत आले. "दोन-तीनदा मी भाकर घेऊन आलो तं गोफन खाली पडेल होती. तू तिकडे तोंड करून बसेल होती."

पंचफुलाला खोटं बोलता आलं असतं. ती फार भ्याली होती.

"आयकत होती," ती म्हणाली. "गानं चांगलं होतं. कान झाकून राखन होते काय? आयकलं, तेवढंच. बांध मी कवा ओलांडला नाई."

"तेवढंच कसं म्हनू मी? मी का... मी का दिवसभर तथी होतो? तीन पहाटा पाखरू कुठी जाते, हे तू पायलं. तू कुठी जाते, हे कोनं पायलं?"

हे त्याच्या तोंडून निघालं आणि त्यालाच ऐकू आल्यासारखं त्याचं तोंड उघडं राहिलं. पण त्यानं ते परत घेतलं नाही. पंचफुला त्याच्याकडे पाहत होती. नऊ वर्षांत या माणसाचा प्रत्येक आवाज ती ओळखायला शिकली होती. थकलेला, भुकेला, दुखावलेला. हा आवाज वेगळा होता. हा भित्र्या माणसाचा आवाज होता, तिच्यापेक्षा भित्र्या.

तिनं शपथ घेतली, तर तो पाटलाच्या ओट्यावर जाऊन सांगेल. मग पाच महिने ती पोटावर हात ठेवून जागेल, हलतंय की नाही पाहत. आणि उद्या पोरानं सहज शिट्टी वाजवली, गुणगुणला, तर हा मान वर करून ऐकेल. नाही घेतली, तर गावाला आजच उत्तर मिळालं.

"घे ना वं," प्रयागबाई म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता, जवळजवळ विनवणीचा होता. ताट तिनं पंचफुलाच्या हातापाशी आणलं. "एक हात ठेवाचा अन् एक शब्द बोलाचा. दाराशी बाया उभ्या हायेत, आयकू जाईन त्याईले. घेते का नाई?"

दाराशी खरंच बायका होत्या. एकीच्या कडेवर मूल होतं.

"सांग, पंचफुला," जगदेव म्हणाला.

पंचफुलानं भिंत सोडली. तिनं पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हात पोटापासून दूर, अंगाशी सरळ सोडले, आणि ताटाला वळसा घालून ती दाराकडे चालायला लागली. बायका बाजूला झाल्या. उंबरठा ओलांडून ती गल्लीत उतरली आणि मागं न पाहता चालत गेली.